पोप, आयातुल्ला, दलाई लामा, महामंडलेश्वर: या उपाध्यांचे नेमके अर्थ काय?

कोशवाचक

परदेशी बातम्या आणि लेख मराठीत आणताना धार्मिक उपाध्यांपाशी गाडी अडते. कोशात शब्दार्थ मिळतो, पण ते पद केवढं, ते कोण देतं, निवृत्तीनंतर राहतं का, हे कळत नाही. मग एक तर सगळ्यांना 'धर्मगुरू' म्हणून मोकळं व्हायचं, नाहीतर 'शियांचे पोप', 'बौद्धांचे शंकराचार्य' अशा जोड्या लावायच्या. दोन्ही खटकतं.

जाणकारांनी एवढं उलगडून सांगावं: कार्डिनल हा आर्चबिशपच्या वरचा असतो का? पोप एकच असतो का? आयातुल्ला ही पदवी देतं कोण? दलाई लामा सगळ्या बौद्धांचे प्रमुख म्हणायचे का? महंत, महामंडलेश्वर, शंकराचार्य यांची चढउतार कशी लावायची? आणि 'हिज होलिनेस', 'श्री १००८' यांचं मराठीत काय करायचं?

तळटीप

शब्दार्थापासून सुरुवात केली की हमखास फसगत होते. 'कार्डिनल' हा शब्द लॅटिन 'कार्दो' म्हणजे बिजागरी यावरून आला, हे कळून पदाबद्दल काहीच हाती लागत नाही. कोणतीही उपाधी समोर आली की आधी तीन प्रश्न विचारा. ती कोण देतं? पद सुटल्यावर ती राहते की जाते? आणि एका वेळी किती जणांकडे असू शकते? या उत्तरांवरून ती दीक्षा आहे, पद आहे, नुसता मान आहे की विद्वत्तेची पावती, हे कळतं. बहुतेक चुका या चारांची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

कॅथलिक चर्चपुरतं सांगतो. तिथे दीक्षेच्या पायऱ्या तीनच: डीकन, प्रीस्ट (ज्यांना आपण फादर म्हणतो) आणि बिशप. एकदा दीक्षा झाली की ती पुसली जात नाही. निवृत्त बिशप हा बिशपच राहतो. बाकी सगळं, म्हणजे आर्चबिशप, कार्डिनल, अगदी पोपसुद्धा, पद किंवा मान या खात्यात मोडतं. पोप ही चौथी दीक्षा नव्हे. पोप म्हणजे रोमचा बिशप, आणि त्या आसनावर बसल्यामुळे साऱ्या कॅथलिक चर्चचा प्रमुख.

बिशपचा मूळ ग्रीक अर्थ 'देखरेख करणारा'. त्याच्या हद्दीला मराठी ख्रिस्ती लेखनात धर्मप्रांत म्हणतात. आर्चबिशपकडे मोठा किंवा ऐतिहासिक मान असलेला धर्मप्रांत असतो, आणि सहसा भोवतालच्या काही धर्मप्रांतांच्या गटाचं प्रमुखपणही असतं. पण त्या शेजारच्या बिशपांचा तो वरिष्ठ अधिकारी नव्हे. त्यांच्या बदल्या किंवा नेमणुका तो करत नाही; बिशप नेमण्याचा अधिकार पोपचा. खांद्यावर काळे क्रूस असलेली पांढऱ्या लोकरीची पट्टी दिसली, तर ती या गटप्रमुखपणाची खूण समजावी.

आता कार्डिनल. हा आर्चबिशपच्या 'वरचा हुद्दा' नाही. कार्डिनल हे तत्त्वतः रोमच्या चर्चचे मानकरी: बहुतेकांच्या नावे रोममधलं किंवा रोमलगतचं एखादं चर्च लावलेलं असतं. रोमचा बिशप रोमच्याच धर्मसेवकांनी निवडावा ही जुनी रीत त्यातून सांभाळली जाते. म्हणूनच पोपची निवड त्यांच्याकडे. एखाद्या शहराचा आर्चबिशप कार्डिनल झाला तरी तो त्या शहराचा आर्चबिशप राहतोच, त्यामुळे 'आर्चबिशपपदावरून कार्डिनलपदी बढती' हे वाक्य चुकीचं. 'आर्चबिशप अमुक यांना कार्डिनल केले' एवढंच लिहावं.

निवडणुकीचे आकडे बातम्यांत नेहमी लागतात. पद रिकामं होण्याच्या दिवसाआधी ज्यांनी ऐंशी वर्षं पूर्ण केलेली नाहीत तेच कार्डिनल मत देतात (हा वयाचा नियम १९७० चा), आणि दोन तृतीयांश मतं लागतात. मे २०२५ मध्ये १३३ जणांनी मतदान केलं, म्हणजे किमान ८९ मतं हवी होती. त्यातून लिओ चौदावे निवडले गेले. पोप कार्डिनलांमधूनच निवडला पाहिजे असा नियम नाही, फक्त १३७८ नंतर कार्डिनल नसलेला कोणी निवडला गेलेला नाही. निवडलेला माणूस बिशप नसेल तर त्याला आधी बिशपची दीक्षा द्यावी लागते. वर म्हटलं ते इथे पटेल: पद दीक्षेवर उभं आहे.

'मॉन्सिन्योर' हा निव्वळ मान. अधिकार शून्य. २०१४ पासून धर्मप्रांतातल्या प्रीस्टना तो पासष्टीनंतरच मिळतो.

सुरनळी

पोप एकच असतो का, हा प्रश्न तळटीप यांच्या उत्तरातून निसटला. एकच नसतो. मूळ ग्रीक 'पाप्पास' म्हणजे बाबा, आणि सुरुवातीच्या शतकांत कितीतरी बिशपांना लोक तसं म्हणत. इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या बिशपला तिसऱ्या शतकापासून हे संबोधन आहे. आजही इजिप्तमधल्या कॉप्टिक ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखाची अधिकृत उपाधी पोप हीच आहे. तवाद्रोस दुसरे हे त्या परंपरेतले ११८वे, २०१२ पासून. आणि त्याच अलेक्झांड्रियाच्या ग्रीक ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्कच्या बिरुदावलीतही 'पोप' आहे. त्यामुळे इजिप्तच्या बातमीत 'पोप' आलं की लगेच व्हॅटिकन लिहू नये. कॉप्टिक निवडीची पद्धतही वेगळी: शेवटी तीन नावांच्या चिठ्ठ्या ठेवतात आणि डोळे बांधलेला लहान मुलगा त्यातली एक उचलतो.

पॅट्रिआर्क म्हणजे कुलप्रमुख. जुनी आसनं पाच: रोम, कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया, अँटिऑक, जेरुसलेम. मॉस्कोला हा मान १५८९ मध्ये मिळाला, पीटर द ग्रेटने १७२१ मध्ये पद बाजूला सारून कारभार सिनॉडकडे (धर्मसभेकडे) दिला, आणि १९१७ मध्ये ते पुन्हा सुरू झालं. कॉन्स्टँटिनोपलचे एक्युमेनिकल पॅट्रिआर्क (१९९१ पासून बार्थोलोम्यू) हे ऑर्थोडॉक्स जगात 'समानांतले पहिले'. त्यांना 'ऑर्थोडॉक्सांचे पोप' लिहिणं ही मोठी चूक. दुसऱ्या स्वायत्त चर्चच्या अंतर्गत कारभारात त्यांचा हुकूम चालत नाही. मॉस्कोशी त्यांचे वाद होतात ते याच मुद्द्यावरून.

हीच उपाधी कॅथलिकांत नुसती मानाचीही असते. गोवा आणि दमणच्या आर्चबिशपांकडे १८८६ पासून 'पॅट्रिआर्क ऑफ द ईस्ट इंडीज' हे बिरुद आहे, अधिकार मात्र आर्चबिशपाचेच. म्हणजे शब्द एक, खाती दोन.

तीन खड्डे लक्षात ठेवा. 'कॅथॉलिकोस' म्हणजे कॅथलिक नव्हे. ही आर्मेनियन, जॉर्जियन, मलंकरा ऑर्थोडॉक्स अशा पूर्वेकडच्या चर्चच्या प्रमुखांची उपाधी. 'मार' हा सीरियाक शब्द, अर्थ 'माझे स्वामी'. तो नावाचा भाग नाही, त्यामुळे दुसऱ्या उल्लेखात 'श्री. मार' असं लिहिलं की हसं होतं. आणि 'मेट्रोपॉलिटन' थोर की आर्चबिशप, याचं उत्तर परंपरेवर अवलंबून: रशियन क्रमात मेट्रोपॉलिटन वर, ग्रीक क्रमात आर्चबिशप वर. एकाच तक्त्यात दोन्ही बसवायला गेलात तर एक नक्की उलटा पडेल.

कोशवाचक

दोघांचेही आभार. तीन प्रश्नांची चाळणी लगेच उपयोगी पडली. आता आयातुल्लांचं सांगा. तिथे तर नेमणारं कोणी दिसतच नाही.

रेघोटी

बरोबर पकडलंत, नेमणारं कोणी नाही. बारा इमामी शियांमधली ही उतरंड मदरशातल्या अभ्यासावर आणि लोकांच्या मान्यतेवर चालते. कागदी नेमणूकपत्र शोधायला गेलात तर सापडणार नाही.

इराणमधलं कुम आणि इराकमधलं नजफ ही शिक्षणाची दोन मोठी केंद्रं. अशा विद्यापीठाला हौज़ा म्हणतात. अभ्यासाचे तीन टप्पे. पहिल्यात, 'मुकद्दमात'मध्ये, अरबी व्याकरण, तर्कशास्त्र वगैरे. दुसऱ्यात, 'सुतूह'मध्ये, धर्मशास्त्राचे ठरलेले ग्रंथ ओळीने लावतात. तिसरा 'दर्स-ए-खारिज': समोर पुस्तक नाही, गुरू एखादा प्रश्न घेऊन सगळी मतं मांडतो, खोडतो आणि विद्यार्थ्यांनी वाद घालायचा. या टप्प्यातून ज्याला स्वतः मूळ आधारांवरून निर्णय काढण्याची क्षमता येते तो मुज्तहिद. ही खरी सीमारेषा. मुज्तहिद दुसऱ्याच्या मतावर चालत नाही. मुज्तहिद नसलेल्याने कुणातरी मुज्तहिदाच्या मतावर चालायचं.

'आयातुल्ला' म्हणजे 'अल्लाहची खूण'. (कुराणातल्या वचनाला आयत म्हणतात तोच शब्द.) व्यवहारात ही उपाधी मान्य मुज्तहिदाला लावतात. त्याखाली 'हुज्जतुल इस्लाम', अर्थ 'इस्लामचा पुरावा'. वर 'आयातुल्ला अल-उज़मा', म्हणजे सर्वात थोर आयातुल्ला, ज्याला बातम्यांत ग्रँड आयातुल्ला म्हणतात. शब्दार्थावरून मोजू नका असं वर तळटीप म्हणाले, त्याचा इथे चांगला दाखला आहे. अकराव्या-बाराव्या शतकातला थोर सुन्नी विद्वान अल-गज़ाली याला 'हुज्जतुल इस्लाम' म्हणत, आणि तेव्हा तो फार मोठा मान होता. आज शियांमध्ये तीच उपाधी मधल्या फळीतल्या मौलवीला लागते. उपाध्यांचीही महागाई होते: वरची जागा भरली की नवी, आणखी भारदस्त उपाधी निघते आणि जुनी एक पायरी खाली सरकते.

ग्रँड आयातुल्लाचं खरं काम 'मरजा-ए-तकलीद' हे आहे: अनुकरणासाठी ज्याच्याकडे वळायचं तो. मरजा होण्याच्या व्यवहारी खुणा तीन. तो 'रिसाला' प्रसिद्ध करतो, म्हणजे शुद्धी, नमाज, रोजा, खुम्स, व्यवहार यांवरच्या आपल्या निर्णयांची पुस्तिका. लोक त्याला आपला मरजा मानायला लागतात. आणि खुम्स (शिल्लक उत्पन्नाचा पाचवा हिस्सा) त्याच्या प्रतिनिधींकडे येऊ लागतो, ज्यातून तो विद्यार्थ्यांना वेतनं देतो. अनुयायी, पैसा, विद्यार्थी हे चक्र फिरायला लागलं की तो मरजा. एका वेळी अनेक मरजा असतात. एकाच घरातली दोन माणसं वेगवेगळ्या मरजांना मानू शकतात. मरजा वारल्यावर त्याचं अनुकरण नव्याने सुरू करता येत नाही, असं बहुसंख्य शास्त्री मानतात. आधीपासून चालू असेल तर ते पुढे चालवायला जिवंत मरजाची परवानगी लागते. आता सांगा, यात पोप कुठे बसतो?

इराणचा 'रहबर' (सर्वोच्च नेता) हे निराळं खातं. ते संविधानातलं पद आहे, ८८ सदस्यांची तज्ज्ञसभा त्याची निवड करते. १९७९ च्या संविधानात रहबर हा मरजा असावा अशी अट होती. १९८९ मध्ये पहिले रहबर खोमेनी वारले आणि अली खामेनेई निवडले गेले, तेव्हा ते हुज्जतुल इस्लाम होते. त्याच वर्षी संविधान दुरुस्त करून मरजाची अट काढली. त्यानंतर त्यांना आयातुल्ला म्हणू लागले. म्हणजे इथे पदामागून उपाधी आली. नजफचे सिस्तानी यांच्याकडे कोणतंही सरकारी पद नाही, तरी मरजा म्हणून त्यांचे अनुयायी अनेक देशांत आहेत. 'शियांचे सर्वोच्च नेते' असं रहबरबद्दल लिहिलं की दोन्ही खाती एक होतात. 'इराणचे सर्वोच्च नेते' हे बरोबर.

पगडीबद्दलही चूक होते. काळी पगडी ही पैगंबरांच्या वंशाची (सय्यद) खूण, पांढरी इतरांची. ज्ञानाचा दर्जा रंगावरून कळत नाही.

कोशवाचक

मग 'इमाम' कुठे बसवायचा? मशिदीतला इमाम, शियांचे बारा इमाम आणि 'इमाम खोमेनी' ही तिन्ही वापरं एकाच मजकुरात आली तर वाचक गोंधळतो.

रेघोटी

'इमाम' म्हणजे पुढे असणारा. सुन्नींमध्ये नमाज पढवणारा तो इमाम, आणि अबू हनीफा, शाफी यांच्यासारख्या महान शास्त्रकारांनाही आदराने इमाम म्हणतात. बारा इमामींत हा शब्द पैगंबरांच्या वंशातल्या बारा पवित्र व्यक्तींसाठी राखीव. खोमेनींना इराणात लावतात तो आदराचा अपवाद, त्यांना कोणी तेरावा इमाम मानत नाही. निज़ारी इस्माइली या शियांच्याच दुसऱ्या शाखेत मात्र हयात इमाम असतो: आगाखान. फेब्रुवारी २०२५ पासून रहीम आगाखान पाचवे हे पन्नासावे इमाम आहेत. 'पाचवे' हा आगाखान उपाधीचा क्रम आणि 'पन्नासावे' हा इमामतीचा, दोन्ही आकडे एका वाक्यात आले तर स्पष्ट करा. आगाखान ही उपाधी इराणच्या काजार घराण्यातल्या शहाची देणगी, धार्मिक पद इमामतीचं.

दाऊदी बोहरांचे सैयदना मात्र इमाम नाहीत. त्यांचं पद 'दाई अल-मुत्लक'. एकविसावे इमाम तय्यिब बाराव्या शतकापासून गुप्त आहेत आणि त्यांच्या वतीने दाई समाज चालवतो, ही श्रद्धा. 'बोहरांचे इमाम' लिहिलं तर त्यांच्या श्रद्धेच्या मुळालाच धक्का लागतो.

सुन्नी बाजूचं थोडक्यात. मुफ्ती फतवा देतो. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावरचं शास्त्रमत, बंधन नाही. काझी निवाडा देतो, तो पक्षकारांवर बंधनकारक. मराठीत 'फतवा काढला' हे 'हुकूम सोडला' या अर्थी रुळलंय, त्यामुळे खऱ्या फतव्याच्या बातमीत 'मत दिले' असं उलगडून लिहावं. ग्रँड मुफ्ती हे बहुतेक देशांत सरकारी नेमणुकीचं पद, हद्द त्या देशापुरती. मौलाना म्हणजे 'आमचे धनी', आदराची हाक. आणि 'उलेमा' हे 'आलिम'चं अनेकवचन आहे. 'एका उलेमाने सांगितले' हे 'एका विद्वानांनी'सारखं होतं.

पानगळ

बौद्ध बाजू. 'दलाई लामा सर्व बौद्धांचे प्रमुख' हे साफ चूक, आणि 'तिबेटी बौद्धांच्या गेलुग पंथाचे प्रमुख' हेही काटेकोर नाही. गेलुगचा अधिकृत पीठप्रमुख 'गादेन त्रिपा', म्हणजे गादेन मठाच्या आसनाचा धारक. १४०९ मध्ये मठ स्थापन करणाऱ्या चोंखापांच्या गादीवर तो बसतो. अभ्यास आणि ज्येष्ठता यांवर नेमणूक, मुदत सात वर्षं, पुनर्जन्माशी संबंध नाही. दलाई लामा हे त्या पंथातले सर्वात आदरणीय आणि तिबेटी समाजाचे सर्वोच्च आध्यात्मिक नेते. राजकीय अधिकार त्यांनी २०११ मध्ये सोडले. हे लिहिताना 'तिबेटी बौद्धांचे सर्वोच्च धर्मगुरू' चालून जातं, पण करमापा (कर्मा काग्यू) किंवा साक्य त्रिज़िन हे आपापल्या परंपरांचे प्रमुख आहेत, त्यांना दलाई लामांचे हाताखालचे समजू नये.

'दलाई' मंगोल शब्द, अर्थ सागर. तिबेटी 'ग्यात्सो'चा तो अनुवाद. १५७८ मध्ये अल्तान खानाने सोनम ग्यात्सो यांना ही उपाधी दिली. ते तिसरे धरले जातात, कारण आधीच्या दोन जन्मांना ती मागाहून लावली. म्हणून 'पहिले दलाई लामा' यांना हयातीत कोणी दलाई लामा म्हटलं नव्हतं. 'पंचेन लामा'मधला पंचेन म्हणजे 'महापंडित'.

'लामा' म्हणजे गुरू. प्रत्येक तिबेटी भिक्षू लामा नसतो. 'तुल्कू' म्हणजे पुनर्जन्म म्हणून ओळखला गेलेला, शब्द संस्कृत 'निर्माणकाय'चा अनुवाद. 'रिनपोछे' म्हणजे अमूल्य रत्न, ही मानाची हाक. तुल्कूंना लागते, मठप्रमुखांना लागते, कधी पवित्र स्थळालाही. 'गेशे' मात्र कमावलेली पदवी, साधारण वीस वर्षांच्या अभ्यासानंतरची, मूळ अर्थ 'कल्याणमित्र'. चाळणी लावा: तुल्कू ओळखले जातात, रिनपोछे म्हटले जातात, गेशे होतात.

थेरवादात हिशेब वर्षावासांचा, म्हणजे भिक्षू पावसाळ्यात एका जागी राहतात त्या काळाचा. उपसंपदेनंतर (पूर्ण भिक्षुदीक्षेनंतर) दहा वर्षावास झाले की थेर, वीस झाले की महाथेर. मराठीत एक चूक सर्रास दिसते: 'भन्ते' हे संबोधन आहे, समोरच्याला हाक मारताना. लेखनात नावाआधी 'भदंत' किंवा 'भिक्खू' शोभतं.

आडनोंद

हिंदू आणि जैन उपाध्यांचं कोणी लिहिलं नाही म्हणून मी लिहिते.

दशनामी, म्हणजे संन्याशांच्या दहा संप्रदायांच्या, आखाड्यांत दोन समांतर रांगा आहेत आणि त्या एकाच शिडीत कोंबल्या की घोटाळा होतो. महंत, श्रीमहंत ही कारभाराची रांग: मालमत्ता, मठ, कुंभातली व्यवस्था. मंडलेश्वर, महामंडलेश्वर, आचार्य महामंडलेश्वर ही उपदेशाची आणि विद्येची रांग. आचार्य महामंडलेश्वर संन्यासदीक्षा देतात आणि आखाड्यात मानाने सर्वात वर असतात, पण कारभाराचा निर्णय श्रीपंचांकडे (आखाड्याच्या पंचमंडळाकडे) असतो. महामंडलेश्वर कितीही असू शकतात. त्यांचा पट्टाभिषेक आखाडा करतो आणि आखाडाच काढूनही घेऊ शकतो. म्हणून ही उपाधी लिहिताना कोणत्या आखाड्याचे ते सांगितल्याशिवाय अर्थ पुरा होत नाही. आखाडे एकूण तेरा: सात शैव, तीन वैष्णव, तीन उदासीन-निर्मल.

शंकराचार्य या रांगेत येतच नाहीत. ते पीठाचं पद: शृंगेरी, द्वारका, ज्योतिर्मठ, पुरी. कांचीचे पीठाधिपतीही ही उपाधी लावतात. नावाच्या शेवटी येणारे सरस्वती, तीर्थ, गिरी, भारती, पुरी हे दशनामींतले संप्रदाय-नाम, आडनाव नव्हे. दुसऱ्या उल्लेखात 'सरस्वती म्हणाले' लिहू नका, निम्मा आखाडा उभा राहील. 'पुरी' नाव दिसलं म्हणून पुरी पीठाचे असंही नाही.

'जगद्गुरू' एकट्याने काही सांगत नाही. शंकराचार्य लावतात, वीरशैवांच्या रंभापुरी, उज्जयिनी, केदार, श्रीशैल आणि काशी या पाच पीठांचे आचार्य लावतात, रामानंदाचार्य लावतात. पीठ लिहा, मग उपाधी.

जैनांत 'आचार्य' ही पदवी नसून संघातलं पद आहे: पंचपरमेष्ठींत (वंदनीय अशा पाच पदांत) तिसरं स्थान, त्याखाली उपाध्याय, मग साधू. शास्त्रात आचार्यांचे ३६ गुण, उपाध्यायांचे २५, साधूंचे २७ (दिगंबरांत २८) असे मोजतात. दिगंबरांतले 'भट्टारक' हे मठाधिपती. ते मुनी नव्हेत, वस्त्र धारण करतात, मठाचा कारभार पाहतात. तिथे गादीचंच नाव चालतं: श्रवणबेळगोळच्या भट्टारकांचं नाव चारुकीर्ती, कोल्हापूरचे लक्ष्मीसेन, नांदणीचे जिनसेन. गादी बदलली तरी नाव तेच, त्यामुळे जुन्या बातमीतले आणि नव्या बातमीतले चारुकीर्ती एकच समजू नका. साल बघा.

आकड्यांचं: हे 'श्री' किती वेळा म्हणायचा त्याची खूण. दिगंबर परंपरेत मुनींना १०८, आर्यिका (साध्वी), ऐलक आणि क्षुल्लक (मुनिपदाच्या आधीच्या पायऱ्यांवरचे त्यागी) यांना १०५, तीर्थंकरांना १००८. तिथे आकडा चुकला तर दर्जा चुकतो. हिंदू संन्याशांत 'श्री श्री १००८' हा नुसता गौरव. बातमीत काढून टाकावा, निमंत्रणपत्रिकेत ठेवावा.

तळटीप

कोशवाचक यांचा शेवटचा प्रश्न राहिला, नावापुढच्या 'हिज होलिनेस'चा. बातमीत ही बिरुदं अनुवादित करूच नयेत. मराठीचं आदरार्थी बहुवचन ते काम करतं. पत्र किंवा स्वागताचा मजकूर असेल तर 'परमपूज्य' चालेल, पण एक लक्षात ठेवा: हे बिरुद पोपना, काही ऑर्थोडॉक्स पॅट्रिआर्कना आणि दलाई लामांना, तिघांनाही लागतं, त्यामुळे त्यावरून माणूस ओळखू नये.

फसवे शब्द बरेच आहेत. 'व्हेनरेबल' अँग्लिकन चर्चमध्ये आर्चडीकनच्या नावाआधी येतो, बौद्ध भिक्षूच्या नावाआधी आला तर तो 'भदंत'. कॅथलिकांत तो दिवंगत व्यक्तीला लागतो, संतपद जाहीर होण्याच्या वाटेवरची एक पायरी म्हणून. तिन्हीकडे 'आदरणीय' लिहिलं की तिसरा मेलेला माणूस जिवंत होतो. 'होली सी'मधल्या 'सी'चा समुद्राशी किंवा बघण्याशी संबंध नाही. लॅटिन 'सेदेस', आसन. 'परमपीठ' लिहा. व्हॅटिकन सिटी हे १९२९ च्या करारातून आलेलं राज्य, आणि राजदूत नेमले जातात ते परमपीठाकडे, त्या राज्याकडे नव्हे. 'प्रायमेट' म्हणजे देशातला किंवा प्रांतातला पहिल्या मानाचा बिशप. यंत्राच्या हवाली केलंत तर वानरवर्गात जाऊन पोहोचेल. कँटरबरीचे आर्चबिशप 'संपूर्ण इंग्लंडचे' प्रायमेट आणि यॉर्कचे नुसते 'इंग्लंडचे'. हा एका शब्दाचा फरक जुन्या भांडणातून आलेला आहे, अनुवादात गाळू नये.

'कार्डिनल' नाव आणि आडनावाच्या मध्ये लिहिण्याची जुनी रीत आहे. मराठीत नावाआधी आणा, मधलं नाव समजून ठेवू नका. निवृत्तांसाठी 'एमेरिटस' म्हणजे निवृत्त. २०१३ नंतर बेनेडिक्ट सोळावे यांच्यासाठी 'पोप एमेरिटस' वापरलं गेलं, तिथे 'निवृत्त पोप' बरोबर, 'मानद पोप' चूक.

सुरनळी

रब्बींचा उल्लेख राहिला. रब्बी म्हणजे 'माझे गुरू'. तो शास्त्राचा जाणकार, पुजारी नव्हे. मंदिराच्या काळातला पुरोहित 'कोहेन' हा वंशाने, रब्बी अभ्यासाने. इस्राएलात मुख्य रब्बी दोन असतात, अश्केनाझी आणि सेफार्दी, मुदत दहा वर्षं. 'इस्राएलचे मुख्य रब्बी' एवढंच मूळ मजकुरात असेल तर कोणते ते शोधून मगच लिहा.

कोशवाचक

एक शेवटची शंका. पहिल्या उल्लेखात उलगडा आणि नंतर नुसती उपाधी, असं ठेवलं तर 'धर्मगुरू' शब्द पूर्ण टाकायचा का?

रेघोटी

टाकायला नको, जागेवर ठेवा. 'नजफमधील ज्येष्ठ शिया धर्मगुरू आयातुल्ला अमुक' इथे तो वर्णन म्हणून येतो, चालतो. उपाधीच्या जागी आला की गडबड. आणि समूहासाठी 'धर्मगुरूंची बैठक' लिहिताना त्यात बिशप, मुफ्ती, महंत असे वेगळे लोक असतील तर एका ओळीत तिन्ही उपाध्या लिहा, जागा फार लागत नाही.